इंग्लंडमधल्या टॉटनेस गावातल्या आमच्या गल्लीच्या हिवाळी नोंदी

रविवार, ९ ऑक्टोबर २०२२

पहिली बैठक झाली. सात नंबरच्या सुतारकाकांच्या स्वयंपाकघरात सात घरांतली मिळून नऊ माणसं, दोन बाकं नि एक चहाची किटली. मी नऊ नंबरची, भाडेकरू. तेरा नंबरच्या आजी निवृत्त परिचारिका, वय ८१. पाच नंबरमध्ये तान्हं बाळ आहे. तीनमध्ये शाळेच्या शिक्षिका, अकरामध्ये चार विद्यार्थी, एक नंबरला बेकरीत काम करणारा एकटा माणूस.

निमित्त अर्थातच वीज-गॅसच्या बिलांचं. सरकारनं १ ऑक्टोबरपासून दर बांधून दिलेत: विजेला युनिटमागे साधारण ३४ पेन्स, गॅसला १०.३ पेन्स. ‘वर्षाला २,५०० पौंड’ हा आकडा सगळ्यांच्या तोंडी आहे आणि बिल त्यापुढं जाणारच नाही, असं आमच्यातल्या निम्म्यांना वाटत होतं. तसं नाही. वर्षाला १२,००० युनिट गॅस आणि २,९०० युनिट वीज लागणाऱ्या घराचा तो हिशेब आहे. बांधलाय तो दर. जास्त जाळलं तर जास्त भरायचं. हे कागदावर मांडून दाखवल्यावर पाच नंबरची आई गप्पच झाली. बाळासाठी ती दिवसभर घर गरम ठेवते.

ठरलं ते एवढंच: दर रविवारी प्रत्येकानं मीटर वाचायचा, आकडा सुतारकाकांच्या फळ्यावर लिहायचा आणि तीन आठवड्यांनी एकदा जमायचं.

रविवार, १६ ऑक्टोबर

गावाकडच्या मंडळींना हे टॉटनेस म्हणजे काय ते सांगायला हवं. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डेव्हन परगण्यात, डार्ट नदीकाठी वसलेलं आठ-नऊ हजार वस्तीचं गाव. चढाचा बाजार, वर जुना किल्ला, शुक्रवार-शनिवारी चौकात भरणारी मंडई. ‘ट्रान्झिशन टाउन’ चळवळीनं २००६ च्या सप्टेंबरात मूळ धरलं ते इथंच. त्याच्या आदल्या वर्षी रॉब हॉपकिन्स आयर्लंडमधल्या किन्सेल गावी शिकवत होते. स्वस्त खनिज तेल ओसरत जाईल तेव्हा आपलं गाव कसं जगेल, याचा वर्षावर्षाचा आराखडा त्यांनी विद्यार्थ्यांकडून करून घेतला. मग ते टॉटनेसला आले आणि नरेश जियांग्रांदे वगैरे मंडळींबरोबर तेच काम गावाच्या पातळीवर सुरू केलं. आज ते कित्येक देशांत पोचलंय.

त्यांचा लाडका शब्द आहे ‘रेझिलियन्स’. मी त्याला ‘तग’ म्हणते. आपल्याकडं पीक तग धरतं, माणूस तग धरतो. धक्का बसेल, पण मोडून पडायचं नाही.

सुतारकाका आणि त्यांची बायको २००९-१० च्या सुमारास इथल्या ‘ट्रान्झिशन स्ट्रीट्स’ उपक्रमात होते. शेजारपाजारच्या सहा ते दहा घरांनी एकत्र यायचं, एक पुस्तिका घ्यायची आणि ऊर्जा, पाणी, अन्न, कचरा, प्रवास असा एकेक विषय एकेका बैठकीत उरकायचा. गावातली साडेपाचशेच्या आसपास घरं त्यात होती आणि २०११ साली त्याला ऊर्जेच्या कामासाठीचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. काकांची ती पुस्तिका चहाच्या डागांसकट फडताळात होती. तीच आम्ही घेतलीय.

त्या वेळच्या लोकांना ‘तुम्हाला यातून काय मिळालं’ असं विचारलं तेव्हा बहुतेकांनी पैशांआधी शेजाऱ्यांची ओळख सांगितली होती म्हणे. काकांच्या बायकोचं निधन होऊन चार वर्षं झाली. ते म्हणाले, ती आजारी होती तेव्हा डबा आणून देणारी माणसं याच पुस्तिकेमुळं भेटली होती. यावर कुणी काही बोललं नाही.

सोमवार, २४ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

आज पूजा झाल्यावर उदबत्ती विझवली नाही, तशीच हातात घेऊन घरभर फिरले. फटी शोधायची याहून सोपी युक्ती नाही. जिथं धूर आडवा होतो तिथं बाहेरची हवा आत येते. खिडक्या जुन्या, वर-खाली सरकणाऱ्या. मधल्या जोडावर धूर सपकन आत वळला. पुढच्या दाराच्या पत्रपेटीपाशी तर उदबत्तीच विझायला आली. फरशीच्या फळ्यांमधल्या सांदी, माळ्याचं झाकण, आणि सगळ्यात मोठं भोक म्हणजे बंद पडलेलं धुराडं.

पूजेची उदबत्ती फटी हुडकायला वापरली म्हणून आई रागावेल असं वाटलं होतं. तिनं फोनवर एवढंच विचारलं, “काय करून राहिली वं तू? मंग सापडल्या का फटी?” आमचं वर्ध्याचं घर दीड हात जाड भिंतींचं. उन्हाळ्यात दाराला वाळ्याचे ताटे लावून ऊन बाहेर ठेवायचं, हेच लहानपणापासून पाहिलं. इथं ऊब आत ठेवायची. दिशा उलटी, पण घराकडं बघायची नजर तीच.

रविवार, ६ नोव्हेंबर

दिवाळीपासूनचे दोन आठवडे फटींतच गेले. पत्रपेटीला ब्रश, दारांना पट्टी, फळ्यांच्या सांदीत लवचिक दोरी. धुराड्यात मेंढीच्या लोकरीचा बोळा, खाली लोंबता लाल फडका बांधून, म्हणजे पुढं कुणी विसरून जाळ पेटवायला नको.

तेरा नंबरच्या आजींकडं मात्र आम्ही थांबलो. त्यांच्या दिवाणखान्यात जुनी गॅसची शेगडी आहे आणि तिला हवा लागते. तिथला भिंतीतला झरोका बुजवला असता तर कार्बन मोनॉक्साइड खोलीतच साठलं असतं. त्या वायूला वास नाही, रंग नाही. झरोक्याला हात लावला नाही आणि आधी गजराचं यंत्र आणून बसवलं. कुणी हे वाचून फटी बुजवायला निघालं तर एवढं कृपा करून लक्षात ठेवा.

दुसरं काम बॉयलरचं, म्हणजे गॅसवर पाणी तापवून ते खोल्यांतल्या रेडिएटरमध्ये सोडणाऱ्या यंत्राचं. इथले बहुतेक बॉयलर कंडेन्सिंग जातीचे असतात, म्हणजे धुरातली वाफ निववून तिच्यातलीही उष्णता काढून घेणारे. पण रेडिएटरमधून परत येणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असेल तरच ते जमतं. बसवणारे मात्र बाहेर जाणारं पाणी ७५-८० अंशांवर ठेवून निघून जातात. आम्ही चार घरांत ते ५५-६० वर आणलं. एक बटण फिरवायचं, खर्च शून्य, आणि गॅस सहा ते आठ टक्क्यांनी कमी लागतो. रेडिएटर हाताला पूर्वीसारखे चटका देत नाहीत म्हणून विद्यार्थी आधी तक्रार करत होते. खोलीचं तापमान मोजलं तर तेवढंच, फक्त तापायला वेळ जास्त.

फळ्यावरचा माझा आठवड्याचा आकडा: १४ घनमीटर गॅस. एका घनमीटरला साधारण ११ युनिट धरले तर १५४ युनिट, म्हणजे जवळजवळ १६ पौंड.

रविवार, २० नोव्हेंबर

आजचा विषय अन्न. शिक्षिकाबाईंनी लाकडी खोका आणला होता, आत जुनी गोधडी नि गवत. पदार्थ चुलीवर दहा-पंधरा मिनिटं उकळायचा आणि भांडं झाकणासकट खोक्यात दडपून ठेवायचं. युद्धाच्या दिवसांत इथल्या घरांतून हे सर्रास चाले. मी तुरीची डाळ ठेवली. साडेतीन तासांनी उघडली तर मऊ, बोटानं चेपावी अशी. (राजमा असा करायचा तर आधी किमान दहा मिनिटं खळखळून उकळलाच पाहिजे, नाहीतर पोट बिघडतं.)

आईला सांगितलं, तर ती म्हणाली, “अवं, कुकर हाये नं तुयाजवळ? मंग पेटीत काहाले ठेवतं?” खरंच होतं. पुढच्या बैठकीला कुकर घेऊन जाईन. तेरा नंबरच्या आजींना शिट्टीची भीती वाटते.

रविवार, १८ डिसेंबर

दहा दिवस कडाक्याची थंडी. डार्टकाठचं गवत दुपारीसुद्धा पांढरं. परसातला नळ गोठला. पाच नंबरच्या बाळाला खोकला झाला आणि त्याची आई रडकुंडीला आली. तिला म्हटलं, आकडे गेले चुलीत, बाळाची खोली गरम ठेव.

फळ्यावर माझा आकडा ३१ घनमीटर. नोव्हेंबरातल्या त्या आठवड्याच्या दुपटीहून जास्त, ३५ पौंड. एक नंबरचा माणूस फळ्याकडं बघून म्हणाला, “एवढं करून उपयोग काय?” त्याचा चेहरा बघून वाईट वाटलं. मी घरी येऊन हिशेब मांडला, तो इथं सविस्तर लिहिते, कारण अशा कामांचा धीर इथंच सुटतो.

नुसते युनिट बघून काही कळत नाही. थंडी किती होती तेही मोजावं लागतं. इथं त्यासाठी १५.५ अंश ही रेघ धरतात. दिवसाचं सरासरी तापमान त्याच्या जितकं खाली, तितके त्या दिवसाचे ‘थंडीचे अंश’. सरासरी ५.५ असेल तर १० अंश. सात दिवसांची बेरीज केली की आठवड्याचा आकडा मिळतो. नोव्हेंबरच्या त्या आठवड्यात माझी बेरीज ३१ होती, या आठवड्यात ९८. आता गॅसमधून अंघोळ-भांड्यांच्या गरम पाण्याचा वाटा वजा करायचा. उन्हाळ्यात घर तापवत नाही तेव्हाही आठवड्याला ४ घनमीटर लागतात, तोच तो वाटा. उरले तेव्हा १० आणि आता २७. म्हणजे एका अंशामागं तेव्हा ०.३२ आणि आता ०.२८ घनमीटर. थंडी तिप्पट होती, आणि तेवढ्याच थंडीला गॅस मात्र सातव्या हिश्शानं कमी लागला.

संध्याकाळी हे एक नंबरला नेऊन दाखवलं. त्यानं स्वतःचे आकडे काढून माझ्यासमोर तसाच हिशेब केला. त्याचा आकडा माझ्यापेक्षा चांगला निघाला.

रविवार, ८ जानेवारी २०२३

आज चूक लिहायची आहे. निजायच्या खोलीच्या खिडकीला मी प्लास्टिकची पारदर्शक पापुद्री ताणून बसवली होती, केस वाळवायच्या यंत्रानं गरम करून घट्ट केलेली. ऊब टिकली. पण काल कपाट सरकवलं तर मागच्या भिंतीवर काळी बुरशी, तळहाताएवढी. आर्द्रता मोजली तर ७८ टक्के. सगळ्या फटी बुजवल्या आणि वर कपडे त्याच खोलीत वाळत घातले. ओल जाणार कुठं? भिंत विटांची, आत पोकळी नसलेली, बाहेरून गार. तिथं जाऊन ती पाणी झाली. पाच नंबरलाही तेच झालंय, आणि तिथं बाळ आहे. खिडकीची युक्ती मीच त्यांना दाखवली होती.

दोन्ही घरची बुरशी आज पुसून काढली. कपडे आता न्हाणीत वाळतात, पंखा लावून आणि दार बंद करून. सकाळी दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या सताड उघड्या. भांड्यांवर झाकणं. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं. हे सगळं पुस्तिकेत होतं, पान उलटून मी पुढं गेले होते.

ऊब टिकावी म्हणून माळ्यावर अंथरतात त्या लोकरीच्या थराबद्दल घरमालकांना लिहिलं होतं. सध्या १०० मिलिमीटर आहे, हवी २७० च्या आसपास. उत्तर आलं, पुढच्या वर्षी बघू. कायद्यानं भाड्याच्या घराचा ऊर्जादाखला किमान ‘ई’ श्रेणीचा लागतो आणि आमचं घर नेमकं ‘ई’वर आहे, त्यामुळं त्यांच्यावर सक्ती कसलीच नाही. या चळवळीचं बरंचसं बोलणं घर स्वतःचं असलेल्यांच्या सोयीचं असतं, हे मी बैठकीत म्हणाले. कुणी नाही म्हटलं नाही.

रविवार, १५ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ नेला होता. ‘गोड बोला’चा अर्थ सांगितला, तर तेरा नंबरच्या आजी म्हणाल्या, मग विद्यार्थ्यांना दोन जास्त द्या.

सुतारकाकांनी माझ्यासाठी लाकडी चौकटी केल्यात: दोन्ही बाजूंनी पापुद्री, मध्ये हवा, कडेला फोम. खिडकीच्या कोनाड्यात नुसत्या दाबून बसतात. खिळा नाही, स्क्रू नाही, त्यामुळं घरमालकांना विचारायची गरज नाही. सकाळी काढून हवा खेळवायची, रात्री परत लावायच्या. भाडेकरूंसाठी या हिवाळ्यात केलेलं हे सगळ्यात उपयोगी काम. काकांनी आणखी सहा करायला घेतल्यात. एक नंबरवाला रंधा धरायला जातो.

शिक्षिकाबाईंनी विचारलं, तुझं गाव कुठलं. वर्धा म्हटल्यावर त्या उठून बसल्या. इथून तीन-चार किलोमीटरवर डार्टिंग्टन हॉल आहे. लेनर्ड एल्महर्स्ट या माणसानं रवींद्रनाथ टागोरांबरोबर श्रीनिकेतनात ग्रामसुधारणेचं काम केलं आणि परत आल्यावर १९२५ मध्ये पत्नी डोरोथीसोबत ही पडकी जहागीर घेऊन तसाच प्रयोग मांडला. तिथंच १९९० साली शूमाकर कॉलेज निघालं. त्याचे एक संस्थापक सतीश कुमार, विनोबांच्या भूदानातले कार्यकर्ते. १९६२ साली ते आणि ई. पी. मेनन अण्वस्त्रांविरुद्ध दिल्लीहून पायी निघाले तेव्हा विनोबांनी त्यांना सांगितलं होतं, जवळ पैसे ठेवू नका. मॉस्को, पॅरिस, लंडन, वॉशिंग्टन, सगळीकडं तसेच गेले. आणि ज्यांच्या नावानं ते कॉलेज निघालं त्या अर्थतज्ज्ञ शूमाकरनी आपल्या लेखनात गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांचा आधार घेतलाय. कुमारप्पांचं काम वर्ध्याच्या मगनवाडीतलं. लाकडी घाण्याचं तेल, हातकागद, मधमाश्या. आणि परदेशी रॉकेलऐवजी गावच्या बियांच्या तेलावर जळणारा दिवा.

मगनवाडीच्या संग्रहालयात शाळेची सहल गेली होती तेव्हा मी डबा खाण्यातच रमले होते. पवनारला धाम नदीत पाय सोडून बसायचो, पण पलीकडच्या आश्रमात कोण राहून गेलं याचं काही वाटायचं नाही. सात हजार किलोमीटर लांब येऊन, एका इंग्रज बाईच्या तोंडून आपल्या गावाचं ऐकताना डोळ्यांत पाणी आलं.

रात्री आईला हे सगळं सांगितलं. तिच्या घरची वीज मात्र बहुतेक कोळशाचीच. शेजारच्या चंद्रपुरात २,९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र उभं आहे. कुमारप्पांच्या वाटेनं वर्धाही फारसं गेलेलं नाही, हेही शिक्षिकाबाईंना सांगायला हवं होतं. पुढच्या वेळी सांगेन.

शनिवार, ११ फेब्रुवारी

गावातल्या सार्वजनिक जागांवर चळवळीनं अक्रोड, बदाम, गोड चेस्टनटची झाडं लावलीत, खाण्याचं काहीतरी गावातच पिकावं म्हणून. आज त्यातल्या काहींची आळी साफ केली, गवत उपटून लाकडाचा चुरा पसरला. खारी अक्रोड पळवतात, पण झाड तर उभं राहतंय.

काम करता करता जुनी मंडळी बोलत होती. टॉटनेस पौंड ही गावची स्वतःची नोट २००७ च्या मार्चमध्ये निघाली, पहिल्या फक्त ३०० नोटा, १८१० च्या जुन्या नोटेच्या धर्तीवर. लोक कार्डानं पैसे भरू लागले, नोट फिरेना, २०१९ मध्ये बंद केली. स्टेशनजवळच्या बंद पडलेल्या दूध कारखान्याच्या जागेवर गावानं स्वतः आखलेली घरं नि कामाच्या जागा व्हायच्या होत्या. २०१६ च्या मतदानात ८६ टक्के लोकांनी होय म्हटलं, आणि पुढं ती जमीन दुसऱ्यालाच विकली गेली. हे सांगताना एका बाईंचा आवाज अजून कापत होता. त्याच बाई आज सगळ्यांच्या आधी आल्या होत्या, फावडं घेऊन.

रविवार, १९ मार्च

हिशेब. सातपैकी सहा घरांनी शेवटपर्यंत आकडे लिहिले. विद्यार्थी परीक्षांमुळं गळले. थंडीच्या अंशांनी भागल्यावर सहाही घरांचा गॅस नोव्हेंबरपेक्षा कमी. सगळ्यात जास्त फरक आजींकडं पडला. त्यांना आता दिवाणखान्यात दुपारी शाल लागत नाही, हे त्यांनीच सांगितलं.

पण मला दुसरीच गोष्ट टोचते आहे. गल्लीच्या खालच्या टोकाला तळघरातल्या दोन खोल्यांत एक बाई मुलासोबत राहते. तिला कुणी बोलावलंच नाही. आम्ही वरच्या सात घरांत चहा पीत होतो. आज मी आणि आजी गेलो. तिचा मीटर आधी पैसे भरायचा, प्रीपेमेंटचा. काही जाळलं नाही तरी रोजचा स्थिर आकार चढत राहतो आणि पुढच्या वेळी भरलेल्या पैशातून आधी तो कापला जातो. जानेवारीत ती तीन दिवस अंधारात होती. तीन दिवस, चाळीस पावलांवर.

सरकारची ४०० पौंडांची मदत आमच्या बिलांत आपोआप वळती झाली. तिच्यासारख्यांना मात्र दर महिन्याला व्हाउचर येतं, ते दुकानात नेऊन वटवावं लागतं, आणि ९० दिवसांत वटवलं नाही तर बाद होतं. तिनं दोनच वटवली होती. बाकीची पाकिटं जाहिरात समजून खणात. चार निघाली: ऑक्टोबरचं ६६ चं, आणि डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारीची ६७ ची. पहिली दोन बाद झालेली, पण वीज कंपनी ती नव्यानं देऊ शकते. मुदत ३० जूनपर्यंत.

सोमवार, २७ मार्च

सकाळी ती आणि मी दुकानात गेलो. जानेवारी-फेब्रुवारीची मिळून १३४ पौंड तिच्या मीटरच्या किल्लीवर चढले. उरलेल्या १३३ साठी आजींनी कंपनीला फोन लावला आणि पन्नास मिनिटं धरून ठेवला. परिचारिकेचा आवाज अजून तसाच आहे, समोरच्याला नाही म्हणता येत नाही. नवी व्हाउचर दहा दिवसांत येतील.

तिच्या खिडकीचं माप घेतलं: रुंदी ८४ सेंटिमीटर, उंची ६१. सुतारकाकांना दिलं. तळघरात ओल जास्त आहे, म्हणून चौकट लावायच्या आधी न्हाणीतला बंद पंखा दुरुस्त करायचा. ते काम एक नंबरवाला बुधवारी करणार आहे. पुढची बैठक २ एप्रिलला तिच्या खोलीत. बाकं आम्ही वरून नेऊ.